‘स्कोप आहे का?’ विचारण्याआधी: बारावीनंतरची पदवी कशी निवडावी

जून महिन्यात मी कॉलेजच्या प्रवेश मदत कक्षात बसतो. समोर मुलगा किंवा मुलगी, शेजारी वडील नाहीतर मामा, हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “सर, याला स्कोप आहे का?” इतक्या वर्षांत मला याचं सरळ उत्तर देता आलेलं नाही. ‘याला’ म्हणजे नेमकं कशाला, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

ज्यांच्या घरातून याआधी कुणी पदवीला गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काका इंजिनिअर आणि मावशी डॉक्टर असलेल्या घरात यातलं बरंचसं जेवताना कानावर पडून जातं. बाकीच्यांना ते नेट कॅफेवाल्याकडून कळतं, तेही फॉर्मची मुदत संपायच्या दिवशी.

सामान फारसं लागत नाही. एक दोनशे पानी वही, मोबाईल आणि निकालाआधीचे पंधरा दिवस. निकाल लागला की सगळं घर मार्कांभोवती फिरतं, मग शांतपणे विचार होत नाही.

उदाहरणादाखल दरवर्षी भेटणारी एक मुलगी घेऊ. बारावी सायन्स, बायोलॉजी आवडतं, नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडलेले नाहीत, सीईटी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपमधून दिली आहे. वडिलांना वाटतं नर्सिंग किंवा बी.फार्म. करावं. तिला ‘लॅबमध्ये काम’ हवंय. कसली लॅब, ते अजून माहीत नाही.

पायरी १: आधी जाहिराती वाचा, माहितीपत्रकं नंतर

आपल्याकडे पदवी आधी ठरते आणि नोकरी नंतर शोधली जाते. हे उलटं करा. आवडतील असं वाटणारी दहा पदं वहीत लिहा आणि प्रत्येकाची एक जुनी जाहिरात शोधा. एमपीएससी, यूपीएससी, बँका आणि सरकारी खाती यांच्या जुन्या जाहिराती त्यांच्या वेबसाइटवर मिळतात. खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती नोकरीच्या पोर्टलवर आणि कंपन्यांच्या वेबसाइटवर असतात. जाहिरातीत पगार सगळ्यात शेवटी बघा. आधी ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद शब्दन् शब्द उतरवून काढा.

तो एक परिच्छेद केवढी उलथापालथ करतो ते बघा. अन्न सुरक्षा अधिकारी हे पद घ्या, म्हणजे हॉटेलं, डेअऱ्या, मिठाईची दुकानं तपासणारे साहेब. २०११ च्या केंद्रीय नियमांत या पदासाठी फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी अशा विषयांतली पदवी चालते. केमिस्ट्रीची मात्र नुसती पदवी चालत नाही, एम.एस्सी. लागते. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांतून बी.एस्सी. झालेल्या दोन मुली. मायक्रोबायोलॉजीवाली तिसऱ्या वर्षानंतर अर्ज करू शकते आणि केमिस्ट्रीवालीला आणखी दोन वर्षं थांबावं लागतं. प्रवेशाच्या दिवशी हे किती जणांना माहीत असतं?

औषधांच्या बाजूलाही असंच आहे. डी.फार्म. दोन वर्षांचं, ते करून नोंदणी झाली की मेडिकल स्टोअर चालवता येतं. पण औषध निरीक्षक व्हायचं तर फार्मसीची पदवी किंवा कायद्याने दिलेली तिच्या तोडीची अर्हता हवी, डिप्लोमा पुरत नाही. भारतीय वन सेवेची प्राथमिक परीक्षा नागरी सेवेबरोबर एकत्र होते, म्हणून ती कुणालाही देता येते असा समज आहे. प्रत्यक्षात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक विषय पदवीला असावा लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. बी.कॉम.वाल्याला जंगल कितीही प्रिय असलं तरी हे दार बंद. आकडेमोडीची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी: भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीला संख्याशास्त्र असलं की पुरतं, भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते.

दुसरीकडे काही पदांना कोणतीही पदवी चालते: तलाठी, एमपीएससीची बहुतेक राज्यसेवा, यूपीएससीची नागरी सेवा, स्टेट बँकेचा पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर. ऐकायला छान वाटतं. पण ‘कोणतीही पदवी’ याचा अर्थ समोर सगळा महाराष्ट्र उभा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. उलट बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागेला कृषी किंवा संलग्न विषयातली चार वर्षांची पदवी लागते. तिथली रांग त्यामानाने लहान.

दहा अर्हता लिहून झाल्या की एकेका पदवीपुढे खुणा करा. एखादी पदवी दहापैकी सहा ठिकाणी चालते, एखादी दोनच ठिकाणी. स्कोप हा शब्द वापरायचाच असेल तर या खुणांसाठी वापरा.

पायरी २: परवान्याची पदवी की मोकळी पदवी?

सगळ्या पदव्या माझ्या मते दोन गाठोड्यांत बसतात. पहिलं परवान्याचं. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, पशुवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा. कायद्याने ठरवलेल्या अर्हतेशिवाय ते काम करणं बेकायदा आहे आणि ती मिळाल्यावर कौन्सिलकडे, म्हणजे त्या व्यवसायाच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी करावी लागते. इथे पहिली तपासणी एकच: या कॉलेजला या अभ्यासक्रमासाठी, या वर्षासाठी मान्यता आहे का? ती संबंधित कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा, कॉलेजच्या फलकावर नाही. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा.

परवान्याच्या वाटेवर खरी वर्षं मोजा. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप. नंतर पीजीची रांग वेगळी. कायदा बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, आणि पुढे बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. ‘मुलगी थेट न्यायाधीश होईल’ म्हणून लॉला पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. शिक्षकी पेशातही अशीच गाठ आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. त्यामुळे लहान मुलांना शिकवायची हौस असेल तर बी.ए., बी.एड. ही नेहमीची वाट चुकीच्या वर्गात नेऊन सोडते.

सीए ही पदवी नाही, तरी तिचा विचार इथेच करावा. बारावीनंतर फाउंडेशन देऊन आत जाता येतं. नाहीतर आधी पदवी घ्यायची: कॉमर्सला ५५ टक्के किंवा इतर शाखेला ६० टक्के असतील तर थेट इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, आता दोन वर्षांची आहे. फाउंडेशनला धडपडणाऱ्या मुलांना मी दुसरी वाट सुचवतो. हातात पदवी असली की अपयश थोडं कमी टोचतं.

पायरी ३: मोकळी पदवी घेणार असाल तर जोडी ठरवा

दुसरं गाठोडं बी.ए., बी.कॉम., बहुतेक बी.एस्सी., बीबीए, बीसीए यांचं. यांना परवाना नाही आणि फारशी पदं राखीवही नाहीत. महाराष्ट्रातली बहुसंख्य मुलं इथेच येतात आणि याच पदव्यांविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. इंजिनिअरिंगवर दहा व्याख्यानं होतात, बी.ए.वर एकही नाही.

मोकळी पदवी एकटी फार लांब नेत नाही. तिला जोडीदार लागतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही जोडी आता अभ्यासक्रमातच करता येते: मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम म्हणजे मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतले ओपन इलेक्टिव्ह आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण. बहुतेक मुलं मायनर निवडतात ते मित्र कुठे बसलाय आणि कुठल्या सरांचं लेक्चर सकाळी नाही हे बघून. मी पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात महागडी.

भूगोलाबरोबर जीआयएस म्हणजे नकाशांचं संगणकी काम शिकलेला मुलगा आणि नुसता भूगोल केलेला मुलगा, यांचे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातात. अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची जोड असेल तर वर सांगितलेली सांख्यिकी सेवा आवाक्यात येऊ शकते. मात्र तिथे ‘विषय पदवीला असावा’ हे शब्द कसे लिहिलेत ते त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. बी.कॉम.ला जीएसटी आणि टॅलीचं प्रत्यक्ष काम एखाद्या करसल्लागाराकडे दोन उन्हाळे केलेलं असलं, तर पहिली नोकरी ओळखीशिवाय मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मराठी किंवा इतिहास घेणाऱ्यांनी उगाच शरमू नये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन, मिळून १७५० गुण, सगळे लिहून मिळवायचे. तीन वर्षं मन लावून उत्तरं लिहिलेला हात तिथे उपयोगी पडतो. पण निवड झाली नाही तर काय, हेही त्याच वहीत लिहून ठेवा. रूम घेऊन सहा-सहा वर्षं अभ्यास करणारी मुलं सदाशिव पेठेत मी पाहिली आहेत. किती प्रयत्न द्यायचे हा आकडा वडिलांबरोबर बसून पहिल्याच वर्षी ठरवा.

बी.एस्सी.बद्दल थोडं कडू बोलतो. केमिस्ट्री, फिजिक्स, बॉटनी यांत तीन वर्षांची पदवी बहुतेकदा अर्धी वाट असते. संशोधन, महाविद्यालयीन अध्यापन, औषध कंपन्यांच्या आर अँड डी विभागातल्या बऱ्या जागा एम.एस्सी.नंतर सुरू होतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच घरी सांगा की हे पाच वर्षांचं काम आहे. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं आणि मग पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकतं. चौथं वर्ष तुमच्याच कॉलेजात चालतं का, हे आजच विचारा. छोट्या कॉलेजांत ते नसतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी गाव बदलायची वेळ येते. ज्यांना विज्ञानातच राहायचंय त्यांनी पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा अकरावीतच वहीत टिपून ठेवावी. बारावीनंतर ती आठवून उपयोग नसतो.

बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून महाराष्ट्रात सीईटी आहे. त्यानंतर काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम जरा वेगळ्या नावाने सुरू ठेवला. म्हणून पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापलं जाणार, हे लेखी विचारा. पहिल्या पायरीतल्या अर्हतांशी ताडायचं असतं ते प्रमाणपत्रावरचं नाव.

पायरी ४: कॉलेजचा कागद वाचा

एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर ‘सर्वोच्च पॅकेज १२ लाख’ आणि टाय लावलेल्या एका मुलाचा फोटो असतो. तो एक मुलगा खरा असेलही. तुम्हाला मात्र उरलेल्या वर्गाचं काय झालं ते हवंय, आणि ते बऱ्याचदा कॉलेजच्याच वेबसाइटवर पडलेलं असतं.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती एका पीडीएफमध्ये द्यावी लागते. क्रमांक कितवा आला ते विसरा, पीडीएफ उघडा. त्यात प्रत्येक तुकडीचं एक कोष्टक असतं: प्रवेश क्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार, उच्च शिक्षणाला गेलेले.

समजा, आकडे असे आहेत. जागा १२०, प्रवेश ११२, वेळेत उत्तीर्ण ७८, नोकरी ४१, मध्यक पगार ३ लाख, उच्च शिक्षण १२. यातून काय दिसतं? ११२ पैकी ३४ जण वेळेत सुटलेच नाहीत, म्हणजे एटीकेटी आणि बॅकलॉगचं प्रकरण गंभीर आहे. उत्तीर्ण ७८ मधून ४१ आणि १२ वजा केले तर २५ जणांचा पत्ता कागदावर लागत नाही. मध्यक म्हणजे ४१ जणांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर एकविसाव्याचा पगार. बारा लाखवाला रांगेच्या टोकाला उभा आहे, त्याने मध्यक जराही हलत नाही. सरासरी मात्र तो एकटा वर ओढतो, म्हणून फ्लेक्सवर सर्वोच्च नाहीतर सरासरी छापतात, मध्यक नाही. आता ३ लाख भागिले बारा म्हणजे महिना २५ हजार. पीएफ वगैरे कापून हाती त्याहून कमी, आणि त्यातूनच पुण्यात कॉट बेसिसचं भाडं आणि मेस. हे गणित वहीत करा, तोंडी नको.

हे आकडे कॉलेजनेच भरलेले असतात, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा. आणि कित्येक कला-वाणिज्य महाविद्यालयं एनआयआरएफमध्ये उतरतच नाहीत. तिथे विभागप्रमुखांना सरळ विचारा: मागच्या वर्षी तुमच्या विषयात किती जण शेवटच्या वर्षाला होते आणि आज ते कुठे आहेत? ज्या विभागाला आपली मुलं आठवतात, तिथे सर लगेच बोटं मोजायला लागतात.

पायरी ५: पैसे आणि कागद

फीचा आकडा एकटा फसवा असतो. ट्यूशन फी, विकास निधी, परीक्षा फी, हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचे, पुस्तकांचे. सगळं गुणिले वर्षं. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर दिसते. खिडकीवर त्याहून जास्त मागितली तर तो कागद मोबाईलवर दाखवा.

सवलती बऱ्याच आहेत, पण जवळजवळ सगळ्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हे गेलं. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, राहण्याच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् योजना आहेत. बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात.

योजना माहीत नसल्यामुळे मुलं अडकतात ती थोडी, कागदापायी अडकतात ती पुष्कळ. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, त्याचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच करायचा. नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल यांच्यासाठी एप्रिलमध्येच सेतू केंद्र गाठा. जुलैत तिथली रांग रस्त्यापर्यंत येते. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही याच फेरीत बघून घ्या, नाहीतर मंजूर झालेले पैसे खात्यात पोचत नाहीत.

पायरी ६: दोन माणसांना भेटा

त्या विषयाच्या शेवटच्या वर्षाला असलेलं एक जण आणि तीन-चार वर्षं त्याच कामात असलेलं एक जण. पहिल्याला विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतात का, की जर्नल नुसतं उतरवून काढता? दुसऱ्याला विचारा: सोमवारी सकाळी गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता? ‘पगार किती’ हे परक्याला विचारू नका. ‘माझ्यासारख्या नवख्याला कितीवर घेतात’ असं विचारलंत तर बरेच जण मोकळेपणी सांगतात.

आपल्या उदाहरणातली मुलगी अशा भेटीतून काय घेऊन येते? औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये असलेली एक ताई सांगते की दिवसभर नमुने तपासायचे, प्रत्येक नोंद वेळेसह लिहायची, शिफ्ट असते, उभं राहून पाय दुखतात, पण काम नेटकं असतं. सरकारी दवाखान्यातली नर्स रात्रपाळीचं आणि माणसांचं बोलते. मुलीला पहिलं ऐकताना कंटाळा येत नाही, दुसरं ऐकताना घाबरायला होतं. नर्सिंग तिने खोडलं. वडिलांचं मन राखायला नर्सिंगला गेलेल्या आणि दुसऱ्या वर्षी परत आलेल्या मुली मला आठवतात. तेव्हा मी त्या खोडण्याच्या बाजूचा आहे.

पायरी ७: ऑप्शन फॉर्म

आता वहीतल्या खुणा, कॉलेजचे कागद आणि पैशांचा हिशेब एका पानावर घ्या आणि पसंतीक्रम लावा. क्रम लावताना मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघून ‘इथे मिळेल’ ते वर टाकायचं नसतं. सगळ्यात हवं ते पहिलं, मग दुसरं. वरचे पर्याय तुमच्या मार्कांत बसले नाहीत तर यंत्रणा आपोआप खाली सरकते. मोठी नावं वर टाकली म्हणून खालची संधी जात नाही. कट-ऑफचा उपयोग एवढाच की यादीच्या शेवटी नक्की मिळतील असे चार-पाच पर्याय आहेत ना, याची खात्री करायची.

मात्र नको असलेलं कॉलेज ‘असू दे’ म्हणून वर टाकू नका. इंजिनिअरिंगच्या २०२५-२६ च्या प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळालेलं बंधनकारक होतं. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हे नियम अभ्यासक्रमागणिक वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका डाउनलोड करून ‘जागावाटप’ हे प्रकरण दोनदा वाचा.

आपल्या मुलीच्या पानावर शेवटी बी.फार्म.च्या तीन कॉलेजांची नावं वर आली, तिन्ही कॅपमधून मिळण्याजोगी. औषध निरीक्षक, क्यूसी लॅब आणि पुढे वाटलं तर स्वतःचं मेडिकल, अशा तीन खुणा त्या पदवीपुढे होत्या. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा अर्ज तिने वेगळा भरून ठेवला. तो कॉलेजच्या स्वतंत्र प्रक्रियेतून होतो आणि त्याची तारीख कॅपच्या आधीच निघून जाऊ शकते. वडील अजून नर्सिंगचं नाव काढतात.

फॉर्म भरताना लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, कॅफेवाल्याकडे नको. मोबाईल नंबर घरातल्याच कुणाचातरी द्या, कारण ओटीपी त्यावरच येणार. आणि ‘सबमिट’नंतर ‘कन्फर्म’ असं वेगळं बटण असतं. ते दाबून फॉर्मची प्रिंट हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.